बाबांचा पतंग

शाळा सोडल्यापासून मी एका जागी पाच मिनिटं टिकत नाही, हे आत्याला पक्कं माहीत. तिचा फोटो स्टुडिओ आहे. तिथला जुना कॅमेरा देताना ती म्हणाली, "रविवारपर्यंत एक तरी धड फोटो दाखव, नाहीतर कॅमेरा परत."

आज रविवार. मला फोटो हवा होता अंगणातल्या फुलांवर येणाऱ्या पतंगाचा. दिवसा उडणारा हा किडा हवेतच थांबून लांब सोंडेने फुलातला रस पितो. पण मी कॅमेरा रोखला की पळतो. माझ्याकडे नुसत्या फुलांचेच दोनशे फोटो जमले होते. कशाचा फोटो ते न विचारताच बाबा मदत म्हणून माझ्या पाठीशी उभे होते, आणि मी कॅमेऱ्याला शिव्या घालत होते.

तेवढ्यात भुर्र असा आवाज आला. मी कुजबुजले, "बाबा, पतंग!"

"कुठाय? कुणी कापला?" म्हणत बाबा मान वर करून मागे मागे गेले, थेट भिंतीपर्यंत. फुलांवर लख्ख ऊन पडलं. इतका वेळ बाबांचीच सावली पडत होती तर! या वेळी पतंग पळाला नाही. मी बटण दाबलं.

कॅमेरा न्यायला अंगणात आलेल्या आत्याने फोटो मोठा करून बघितला. "अगं, सोंडेवरचे परागसुद्धा दिसतायत! ठेव कॅमेरा तुझ्याकडेच."

बाबा अजून आभाळच धुंडाळत होते. "दिसत नाही गं. उडाला वाटतं."

एरवी मी खेकसलेच असते. आज म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळेच सापडला. या, दाखवते."