आधी येऊन गेलेली

अकोले तालुक्यातल्या एका आदिवासी मुलींच्या आश्रमशाळेत तीस वर्षांपूर्वी काय घडलं, हे तिथं शिकलेल्या बायकांच्या तोंडून ऐकून घ्यायचं काम अनन्याकडे आलं होतं. अनन्या कोपरगावची, बत्तीस वर्षांची, समुपदेशनाचं शिक्षण घेतलेली, आणि समोरचं माणूस गप्प झालं तरी घाई न करणारी. शाळा केव्हाच बंद पडली होती. महिनाभर ती डोंगरातल्या वाड्यांवर जात होती आणि घरच्या बोलीत बोलल्या म्हणून उपाशी ठेवलेल्या, कोठीच्या खोलीत कोंडलेल्या, अधीक्षकाचं नाव काढलं तरी अजून आवाज उतरणाऱ्या बायकांसमोर मांडी घालून बसत होती.

त्यांच्यातल्या सविताने सगळं सांगून झाल्यावर सहज म्हटलं, "तवाबी एक बाई आल्या हुत्या विचारायला. तुमच्यावानीच डाव्या हातानं लिवायच्या."

अनन्याला त्यात काही वाटलं नाही. पण पुढच्या वाडीतल्या दोघींनीही त्या बाईंचा विषय काढला. एकीने तर त्यांच्या हनुवटीवरच्या व्रणाचं सांगितलं, आणि सांगता सांगता ती अनन्याच्या हनुवटीवरच्या तसल्याच व्रणाकडे बघत राहिली.

गुरुवारी सकाळी दहाला ती रतनबाईंकडे पोचली. पडवीत नाचणी पाखडत बसलेल्या रतनबाईंनी मान वर केली आणि सूप खाली ठेवलं.

"आता काय ऱ्हायलं? सगळं सांगितलं की तुमाला."

"ताई, आपण आजच भेटतोय. तेव्हा मी दोन वर्षांची होते."

"व्हय?" रतनबाई तिला निरखत म्हणाल्या. "आमी तरी कुठं मोठ्या हुतो?"

त्या बाईंनी पुढे काय केलं, असं अनन्याने विचारलं.

"नावं लिवून नेली. दुसऱ्या दिशी कागद अधीक्षकाच्या हातात. लई मारलं. माझी धाकटी बहीन परत घरी आलीच न्हाई." त्यांनी अनन्याच्या वहीवर हात ठेवला. "या बारीला तरी कुनाला देऊ नका."

"नाही देणार, ताई. शब्द देते."

मग रतनबाई बोलत राहिल्या, आणि अनन्या उठली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

चारला ती तालुक्याच्या कार्यालयात परतली आणि उभ्याउभ्याच तिला हे काम देणाऱ्या शामकांत सरांना म्हणाली, "सर, या बायकांची नावं बाहेर जाता कामा नयेत. मी शब्द देऊन आलेय."

शामकांत गोंधळले. "अहो, पण अकरा वाजता तुम्हीच यादी आणून दिलीत. शाळेच्या जुन्या विश्वस्तांना पाठवा म्हणालात. त्यांचा माणूस घेऊनही गेला."

"अकराला मी रतनबाईंच्या पडवीत होते."

त्यांनी यादीची झेरॉक्स पुढे सरकवली. अक्षर तिचंच होतं. शेवटचं नाव रतनबाईंचं.

शामकांतांनी पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सकाळी तुम्ही इतक्या रडत होतात, की मला काही विचारवलंच नाही."