साखळ्या पुसणार नाही

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो. जॉर्जियातल्या पीचच्या बागेत होझिया टिस्डेल नावाच्या सुतारानं मला घडवलं. काही वर्षं मी फळं उतरवली. मग त्याची लेक लुव्हर्न शहरातून चित्रकला शिकून आली.

"बाबा, ही शिडी आता मी नेते. भिंतीला लावायचीय," ती म्हणाली.

काळ्या मुलांच्या शाळेत सभागृहाची भिंत रंगवायचं काम तिला मिळालं होतं. आमच्या गावात रेल्वे कशी आली, ते तिनं रंगवलं. किरकोळ आरोपांवरून पकडून रूळ टाकायला जुंपलेले काळे कैदी, त्यांच्या पायांत साखळ्या, पण माना ताठ. त्यातला एक चेहरा तिच्या आजोबांचा होता.

एके दिवशी शाळा समितीचे गोरे अध्यक्ष क्रँडल आले.

"लुव्हर्न, चित्र झकास आहे. त्या साखळ्या तेवढ्या पुसून टाक. पोरांना कशाला जुनं उकरून दाखवायचं?"

"साहेब, आजोबा जिवंत होते तेव्हा कुणी त्या काढल्या नाहीत. आता मी कशाला पुसू?"

"खाली उतर, नाहीतर शिडी ओढतो!"

त्यांनी माझा पाय धरला. मी लटपटले. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या वाश्टीमावशी पिठाच्या हातांनीच धावत आल्या आणि मला मिठी मारून उभ्या राहिल्या.

"ओढा की, साहेब! पण आधी मला हलवा. मक्याच्या भाकरीवर पोसलेलं अंग आहे, सांगून ठेवते."

वर लुव्हर्ननं मागे वळूनही पाहिलं नाही. तिनं साखळीत आणखी एक कडी रंगवली.

क्रँडल पाय आपटत गेले. आठवड्याभरात भिंतीवर चुना फासला गेला आणि लुव्हर्नचं काम गेलं. ती अंगणात बसून खूप रडली. मग डोळे पुसून तिनं मला खांद्यावर घेतलं आणि तडक चर्च गाठलं. रस्त्याकडच्या भिंतीवर तेच चित्र तिनं दुप्पट मोठं काढलं. रात्री कुणी दगड मारले, तर ती सकाळी पुन्हा रंगवी. क्रँडलसाहेबांची मोटार रोज त्याच रस्त्यानं जाई!

लुव्हर्न आता नाही. चित्र आहे. माझ्या दोन पायऱ्या तुटल्यात आणि चर्चच्या अडगळीत लोक माझ्यावर ओले कोट वाळत घालतात. मित्रांनो, माझी कीव करू नका, मला हारही घालू नका. दोन पायऱ्या ठोकून द्या आणि मला बाहेर काढा. चुना फासलेल्या भिंती अजून पुष्कळ आहेत.