घेवड्याच्या सहा कुंड्या

आत्याने चौतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताचे थेंब काचेखाली पाहिले होते. ‘मला काही झालेलं नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचे अहवाल तिच्या हातून इतके गेले होते, की कुणाच्या तोंडच्या शब्दावर तिचा पटकन विश्वास बसत नसे. निवृत्त झाल्यावर ती थोरल्या भावाच्या घरी राहायला आली. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती आणि भाची लग्न होऊन दूर गेली होती. घरात उरल्या होत्या एकट्या वहिनी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडून त्या दिवसभर लोकांचे कपडे शिवत. भाचीची आत्या म्हणून आता ती साऱ्या गल्लीची आत्या झाली.

नणंद-भावजयांचं तसं बरं चाललं होतं. भांडायला लागते तेवढी जवळीकच दोघींत नव्हती. वहिनींनी पुढची खोली घेतली, आत्याने मागचं अंगण. तिथे चार वाफे होते. दोन टोमॅटोचे, एक घेवड्याचा आणि एक नुसता पडलेला. ऊन वाढू लागलं तशी सकाळी पाणी घातलेल्या मातीचा दुपारपर्यंत फुफाटा व्हायला लागला. मातीवर आच्छादन घातल्याशिवाय निभाव लागणार नाही, हे आत्याने ओळखलं आणि ती कामाला लागली.

सुताराकडे भुसा होता, पण ताजा भुसा कुजताना मातीचाच कस खातो म्हणून तिने तो नको म्हटलं. पेंढ्यातून तणाचं बी येतं. पाचोळा तिने एकदा पसरून पाहिला. संध्याकाळच्या वाऱ्याने तो उचलून वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांत नेऊन भरला. मग शेजारचे लॉनकाका देवासारखे धावून आले. त्यांच्या अंगणात हिरवळ होती आणि तिच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. दर आठवड्याला ते ती यंत्राने कापत.

“आत्या, दोन पोती गवत आहे. टाकूनच देणार होतो. शोधून एक तण सापडायचं नाही त्यात!”

आत्याने गवत दोन दिवस उन्हात वाळवलं, दोन बोटं जाडीचा थर दिला आणि प्रत्येक खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली, नाहीतर खोड कुजतं. सगळं अगदी नियमाला धरून झालं. गवत फक्त नळाजवळच्या तीन रोपांपाशी कमी पडलं. ती तशीच राहिली.

बाराव्या दिवशी टोमॅटोचे शेंडे वळायला लागले. पानं अरुंद होऊन पिळल्यासारखी दिसू लागली. घेवडा तर मान टाकून बसला. आत्याने कीड शोधली, पानाखाली भिंग लावलं, बुरशी पाहिली. काही मिळेना. तेव्हा तिला आठवलं, की वहिनी कपडे धुतलेलं पाणी कधीकधी मागच्या दारातून फेकत असत. महिन्यापूर्वी तिने त्यांना तसं न करण्याबद्दल सांगितलंही होतं.

ती तडक पुढच्या खोलीत गेली.

“वहिनी, साबणाचं पाणी वाफ्यात घालू नका म्हटलं होतं ना?”

वहिनींनी मशीनवरचा पाय काढला. “घातलं नाही.”

“मग झाडं अशी कशाने झाली?”

“ते मला काय ठाऊक? पण मी पाणी घातलेलं नाही, वन्सं.”

“दुसरं कारणच दिसत नाही मला.”

वहिनींनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग सुई खाली केली आणि शिवायला लागल्या.

त्या दिवसापासून वहिनींनी अंगणात पाऊल टाकलं नाही. कपडे गच्चीवर वाळत घालू लागल्या. जेवायला वाढलेलं असे, पण त्या आधी जेवून मोकळ्या झालेल्या असत. आत्याला हे खटकलं; पण चुकल्यावर माणसं रुसतातच, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

चार दिवसांनी नळाखाली हात धुताना तिची नजर त्या तीन रोपांवर गेली. ती ताठ उभी होती. पानं रुंद, शेंडे सरळ. आत्या ओले हात तसेच ठेवून बघत राहिली. नळ मागच्या दाराला लागूनच होता; दारातून पाणी फेकलं तर पहिलं पडणार ते इथेच.

दुसऱ्या कुणाला तिथेच उमगलं असतं. आत्याने मात्र सहा कुंड्या आणल्या. सहाही कुंड्यांत एकच माती, एकाच पाकिटातलं घेवड्याचं बी. दोन कुंड्यांत नुसतं पाणी, दोन कुंड्यांत साबणाचं पाणी, दोन कुंड्यांत लॉनकाकांचं गवत कुस्करून. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली आणि सगळ्या एका ओळीत एकाच उन्हात ठेवल्या.

सतराव्या दिवशी निकाल समोर होता. साबणाच्या कुंड्यांतली रोपं जरा फिकट, पण सरळ होती. गवताच्या दोन्ही कुंड्यांत कोंब पिळवटून मातीला टेकले होते. आत्याने ते वहीत टिपलं, चष्मा पुसला आणि लॉनकाकांचं फाटक उघडलं.

“काका, हिरवळीवर काही फवारता का तुम्ही?”

“म्हणजे काय!” काकांचा चेहरा खुलला. “रुंद पानांचं तण मारायचं औषध. गवताच्या केसालाही धक्का लागत नाही आणि बाकीचं सगळं साफ!”

“टोमॅटो रुंद पानांचाच असतो, काका.”

काकांचं हसू हळूहळू मावळलं. “अरे देवा. मी चांगल्या मनाने दिलं हो.”

“माहीत आहे. फवारता का, हे मीच विचारायला हवं होतं.”

घरी येऊन तिने दोन कुंड्या उचलल्या, एक साबणाची, एक गवताची, आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. वहिनी जमिनीवर कापड पसरून खडूने खुणा करत होत्या.

“कुंडी खाली ठेवू नका. कापड लोकांचं आहे.”

“गवताने झालं ते. त्याच्यात औषध होतं. तुमचं पाणी नव्हतं.”

“नव्हतंच.”

“मी तपासून पाहिलं.”

वहिनींनी खडू बाजूला ठेवला. आवाज चढला नाही. “कुंड्यांनी सांगितलेलं पटलं तुम्हाला, वन्सं. मी सांगितलं तेव्हा नाही पटलं. तीस वर्षं या घरात आहे. खोटं बोलताना कधी पाहिलंत मला?”

आत्याने खरोखरच आठवून पाहिलं. एकही प्रसंग आठवेना. दोन्ही हातांत कुंड्या असल्यामुळे तिला हातांचं काय करावं तेही सुचेना.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “तुमचा शब्द पुरेसा होता.”

वहिनींनी खडू पुन्हा उचलला. पण दुपारी आत्या वाफ्यांतलं गवत खरवडून पोत्यात भरत होती, तेव्हा त्या मागच्या दारात आल्या आणि पोत्याचं तोंड धरून उभ्या राहिल्या. ते गवत खतातही घालता येणार नव्हतं. पोती लॉनकाका मुकाट्याने परत घेऊन गेले. टोमॅटो, घेवडा सगळं उपटावं लागलं. नळाजवळची तीन झाडं तेवढी राहिली.

मग रस्ता झाडणाऱ्या बाईकडून पाचोळा मागून आणला. तो उडतो, म्हणून आत्या पुन्हा विचारात पडली.

“कापडाच्या कात्रीने बारीक करायचा विचार असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे,” वहिनी म्हणाल्या. “पोत्यात भरा आणि तुडवा. चुरा झाला की भिजवून घाला. भिजलेला चुरा कुठे उडतोय?”

तसंच केलं. साठी उलटलेल्या दोघी बायका भिंतीला हात टेकून पोत्यांवर नाचताना लॉनकाकांनी कुंपणावरून पाहिल्या आणि ते शहाणपणाने आत निघून गेले.

त्या मातीत रुंद पानांचं काही इतक्यात धरणार नव्हतं. म्हणून आत्याने मका लावला. मका गवताच्याच कुळातला, त्या औषधाला तो दाद देत नाही. हातभर वाढला तेव्हा दोघींनी त्याच्या बुडाशी पाचोळ्याचा चुरा पसरला.

“त्या कोपऱ्यात थर जास्त झालाय,” वहिनी म्हणाल्या.

आत्याला तो सारखाच दिसत होता. ती वाकली आणि दोन मुठी चुरा काढून पलीकडे टाकला.