झाकलेली वाटी

"वाटी कशाला? मी पातेल्यातच जेवती की," रुपाली म्हणाली, आणि आम्रपालीच्या हातातली मोजायची वाटी हातातच राहिली.

काल काय जेवलात, हे बायकांना विचारत ती आहाराच्या पाहणीसाठी आठवडाभर मांजरी गावच्या उसाकडेच्या वस्तीत हिंडत होती. जी ती सांगे, आमटी-भाकरी. आम्रपाली आपली प्रत्येकीच्या नावापुढं वाटीभर आमटी मांडून मोकळी होई. रुपालीला पाचवा महिना, आमटी रोजची, तरी रक्त जेमतेम सात. कुठं मुरत होती ही आमटी?

तुमची जेवणं होईस्तोवर मी थांबते, असं तिनं सांगून टाकलं.

रुपालीच्या सासूनं, सुंदराबाईंनी, सुपातून मान वर केली नाही. "वजन झालं, रगत झालं. आता आमची भांडी बी तपासा."

"तेवढीच राहिलीत, मावशी," म्हणत आम्रपाली उंबऱ्याशी टेकली. पाळणाघरातून फोन आला, तिचा साई रडतोय. डोळ्यांपुढं पोराचा ओला गाल आला. तरी ती उठली नाही.

बाप्ये जेवले, पोरं जेवली. वाढताना रुपालीचा हात कुठं आखडला नाही. मग पातेलं मध्ये घेऊन सासू-सुना बसल्या. तळाला डाळ नव्हतीच. कडेला धरलेली आमटी भाकरीच्या तुकड्यानं एकीनं इकडून पुसायची, दुसरीनं तिकडून.

सासूला चार शब्द सुनवायचे म्हणून आम्रपाली बसली होती. ते शब्द तिनं गिळले.

"मावशी, उद्यापासून हिची वाटी आधी काढा."

"बाप्यांच्या आधी? आमच्यात तशी रीत न्हाय."

"जेवू दे की शेवटीच. वाटी तेवढी आधी भरून झाकून ठेवा."

सुंदराबाईंनी पुसून कोरडं झालेलं पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "झाकायला काय जातंय."

पुढच्या आठवड्यात आम्रपाली मुद्दाम जेवणवेळेलाच आली. चुलीमागं ताटलीखाली वाटी होती, काठोकाठ. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर सुंदराबाईंनी ती सुनेपुढं सरकवली. रुपाली खाली मान घालून डाळ खाऊ लागली.

पातेलं आता सुंदराबाई एकट्याच पुसत होत्या. इकडूनही, तिकडूनही.

आम्रपालीनं पिशवीतली मोजायची वाटी काढली, पदरानं पुसली आणि चुलीमागं त्या रिकाम्या ताटलीखाली पालथी घातली.

"उद्यापासून दोन, मावशी."