दिवसा लागणारी ट्यूब

"उद्या सूर्यालेही बटन बसवतीन हे लोकं," सासूबाई मांडीवरच्या सांभाराला सांगत होत्या. मी हातभर अंतरावर बसले होते, म्हणजे ते मलाच होतं.

दुपारचे चार वाजले होते आणि मी नुकतीच उठून ट्यूब बंद केली होती. बाहेर अकोल्याचं एप्रिलमधलं ऊन. खिडकीला मी ओलं पोतं लावलेलं, त्यामुळे खोली गार होती, कूलर बंद होता आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

आमचं घर भाजीपाल्याचं. मळा गावाबाहेर आणि ओटा जुन्या शहरातल्या बाजारात. चाळीस वर्षांपासून त्या ओट्यावर मनकर्णाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बसतात. पहाटेच्या बाजारासाठी आदल्या दिवशी आम्ही दोघी सांभाराच्या जुड्या बांधतो. सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना हे एकदा सांगून ठेवावं लागतं.

बचत गटाच्या बैठकीत एका बाईंनी वीज आणि गॅस वाचवायचं सगळं समजावून सांगितलं, तेव्हापासून मी घराच्या मागे लागले होते. तुरीची डाळ सकाळीच भिजत पडायची. भाजीवर झाकण हवंच. टीव्ही रिमोटनं नाही, भिंतीवरच्या बटनानं बंद करायचा. कूलर लावलाच तर समोरची खिडकी उघडायची, नाहीतर तो नुसता दमट हवा फिरवतो. सुट्टीत अमरावतीहून आलेल्या प्राजक्तानं, माझ्या लेकीनं, प्रत्येक बटनावर सुंदर अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या: "गरज नसेल तर बंद करा." आणि घरानंही ऐकलं. फक्त ही एक ट्यूब ऐकत नव्हती. मी बंद करून स्वयंपाकघरात गेले की परत चालू.

"कोण लावून राहिलं?" मी विचारायची.

"मले काय मालूम," सासूबाई म्हणायच्या.

"माह्यानंच चालू राहिली असन," आमचे हे, किशोर, म्हणायचे. ते तर तेव्हा मळ्यात असायचे.

एकदा त्या ट्यूबच्या बटनावरची चिठ्ठी गळून पडली. सासूबाईंनी भाताच्या शितानं ती परत चिकटवली. उलटी. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी सुलटी झाली होती. कोणी केली हे प्राजक्ताला मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मला काही कळलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सासूबाईंच्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन मागच्या वर्षी केलं. महिनाभर घरी बसवलं, तेवढ्यात तिच्या ओट्यावर तिची सून बसली ती बसलीच. आता बहीण स्वच्छ डोळ्यांनी दिवसभर भिंत पाहते. ही गोष्ट सासूबाई आमच्या घरात महिन्यातून चारदा सांगायच्या. मग कोण बोलणार? शिवाय बोललं असतं तर पहाटे पाचला ओट्यावर मलाच जावं लागलं असतं, हेही आहेच.

त्या दिवशी ट्यूब बंद करून आम्ही जुड्या बांधतच होतो आणि पार्बताबाई आल्या. त्यांचा ओटा आमच्या शेजारी. पिशवीतून त्यांनी एक कोमेजलेली जुडी काढली.

"मनकर्णाबाई, तुमी सकाळी निंघाल्या आन् तो हाटेलवाला हे वापस देऊन गेला. म्हणते, पोह्यावर टाकाले सांभार मांगतला होता, गाजरगवत नाई."

मी पाहिलं. दहा काड्या सांभाराच्या, चार गाजरगवताच्या. पान तसंच कातरलेलं, पण आमच्या घरातलं पोरही फसणार नाही. वास मात्र सगळ्या जुडीला सांभाराचाच.

"होते बापा घाईघाईत," पार्बताबाईच म्हणाल्या.

"यंदा वाफ्यात निंदनच धड झालं नाई," दारात पाय धूत असलेले किशोर म्हणाले.

"मीच बांधली असन," मी म्हणाले. "माझं लक्ष नसते."

सासूबाईंनी हात पुढे केला. जुडी घेतली. पानांकडे त्यांनी पाहिलंच नाही. अंगठा जुडीला बांधलेल्या केळीच्या सोपटावरून फिरवला. दोन वेढे आणि टोक आत, उलट्या बाजूनं खोचलेलं. मला वीस वर्षांत ती गाठ जमली नाही. माझी गाठ टोपलीतच सुटते.

"माही गाठ आहे," त्या म्हणाल्या.

पार्बताबाई पदरानं वारा घेऊ लागल्या. मी उठले, ट्यूब लावली. मग खिडकीवरचं पोतंही काढलं. उन्हाची झळ सरळ आत आली, सासूबाईंच्या तोंडावर. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"राहू दे, संध्या. कायले जाळतं लाइट," त्या म्हणाल्या. "मले आता लाइट लावूनही दिसत नाई. आपरेशन करा म्हनसान तं करतो. पण तवरोक माह्या ओट्यावर दुसऱ्या कोनाले बसवू नोका."