पहिल्या ओळीतला अध्यक्ष

वच्छलाबाई सोळा मतांनी मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. पण ते झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण संस्थेची वेबसाइटही तसंच धरून बसली होती.

साइट निकेशनं बनवलेली, २००५ साली, चंद्रपूरला तीन महिने पीएचपी ही वेबसाइटची भाषा शिकून. सरांनी सांगितलं होतं, जे कधीच बदलत नाही तो कॉन्स्टंट. तो वर एकदाच डिफाइन करायचा आणि मग हव्या त्या पानावर वापरायचा. निकेशनं गावभर फिरून न बदलणाऱ्या गोष्टी शोधल्या. तीन सापडल्या. तलावाचं नाव, जिल्हा आणि तेव्हाच अठरा वर्षं अध्यक्ष असलेले मनसारामभाऊ.

आता मत्स्य खात्याच्या गडचिरोलीच्या साहेबांनी कळवलं होतं, साइटवर ज्याचं नाव, त्याच्याच सहीवर मत्स्यबीज मिळेल. गुरुवारपर्यंत. नाहीतर बीज शेजारच्या गावाला. आणि मनसारामभाऊ तर हरल्यावर रुसून सिरोंच्याला लेकीकडे जाऊन बसलेले.

"मंग त्यायचं नाव खोड ना," वच्छलाबाई म्हणाल्या.

"खोडाचं नाई!" सचिव दादाजी कडाडले.

संस्थेच्या ठरावबुकात तीस वर्षांत एक अक्षर खोडलेलं नव्हतं. जुनी ओळ राहू द्यायची, नवी तिच्याखाली लिहायची, खालची ती खरी. निकेशच्या कोडची छापील प्रतही त्याच बुकात चिकटवून सगळ्यांनी सह्या ठोकलेल्या.

निकेशनं खाली दुसरी ओळ डिफाइन केली: अध्यक्ष, वच्छलाबाई. पान उघडलं. वर इंग्रजीत कुरकुर, की हे आधीच ठरलेलं आहे. खाली मनसारामभाऊ, जसेच्या तसे.

"तारीख टाक," दादाजी म्हणाले.

तारीख टाकली. मनसाराम.

"शिक्का मार."

शिक्का स्कॅन करून लावला. मनसाराम, शिक्क्यासकट.

"काऊन रे निकेश, मी निवडून आली का नाई?"

निकेशलाही आता खात्रीनं सांगवेना. "आल्या ना काकी. पन ते पीएचपी पहिलीच ओळ वाचून राह्यलं."

"मंग सांगा ना त्याले कोनी, आपल्याइथी खालची खरी असते मनून!"

दादाजींना हे एकदम पटलं. गुरुवारी बीजाच्या पिशव्यांचा टेम्पो तलावावरून हॉर्न देत शेजारच्या गावाला गेला, तेव्हा इकडे सभेत एकमतानं ठराव लिहिला जात होता:

"सदर पीएचपी भाषेस विनंती करण्यात येते की, संस्थेची प्रथा विचारात घेऊन तिने यापुढे खालचीच ओळ ग्राह्य धरावी व तसे आठ दिवसांचे आत लेखी कळवावे."