मरियामायचा विलाप

देवळीची मयुरी सलग नऊ वर्षं नाटकात मरियामाय, म्हणजे येशूची आई, झाली होती. वर्ध्याच्या कॅथलिक रंगकर्मी संघाचं ख्रिस्ताच्या दुःखाचं नाटक दरवर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी व्हायचं. क्रुसाखालचा विलाप तिनं धरला की मागच्या रांगेतल्या बायकाही डोळ्यांना पदर लावायच्या. मयुरी स्वतः बौद्ध. पण संघानं कुणाला धर्म विचारला नव्हता. दंडारीत नाचणारा असो की मेळ्यात गाणारी, अडल्या कलावंताला हात द्यायचा एवढंच. दोन वर्षांपूर्वी मयुरीच्या गळ्यात गाठ आली, तेव्हा संघाच्याच माणसांनी तिला नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं होतं.

यंदा संघ चालवणाऱ्या फादरांनी मरियामाय आकांक्षाला दिली. रोहण्याची, चोवीस वर्षांची पोरगी.

"तुमचा गळा जपायला हवा, मयुरीताई," फादर म्हणाले. "तिला विलाप तुम्हीच शिकवा."

गळा ठीक आहे, हे मयुरीच्या ओठांवर आलं होतं. पण ज्यांनी गळा वाचवला त्यांच्याशी वाद कसा घालायचा?

आकांक्षा दुपारच्या बसनं देवळीला आली, पाया पडली आणि नुसतं ऐकून पहिली ओळ म्हणाली. जी हरकत बसवायला मयुरीला तीन वर्षं लागली होती, ती त्या पोरीनं एका दमात घेतली. मयुरीनं पेटी पुढ्यात ओढली.

"तुमी कोन्या पट्टीत म्हणत होत्या, ताई?"

मयुरीची पट्टी काळी पाच. तिनं पेटीवर तीन सूर वर बोट ठेवलं. "याच्यात."

"लय वर जाते नं."

"विलाप हाय तो. वर नाई गेला तं लोकाइले रडू कसं येईन?"

पोरगी रोज त्या पट्टीत गळा ताणत राहिली. आठव्या दिवशी आवाज घोगरा झाला. मयुरीनं थांब म्हटलं नाही. गरम पाणी दिलं आणि पुन्हा पेटी ओढली.

नाटकाला चार दिवस असताना आकांक्षाचा आवाज पार बसला. डॉक्टरांनी महिनाभर बोलायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलं. फादर स्वतः देवळीला आले. मयुरी इतक्या लगेच हो म्हणाली, की तिचं तिलाच कसंसं वाटलं.

नाटकात बायका नेहमीसारख्याच रडल्या. मयुरी विंगेत आली, तर आकांक्षा पाण्याचा ग्लास घेऊन उभी. तिचेही डोळे ओले होते. मयुरीला ग्लास हातात घेववेना.

"त्या पट्टीत म्या कधीच गायलं नाई," ती म्हणाली. "तुले मुद्दाम सांगतलं. तुहा गळा आयकून माहा जळफळाट होत होता."

 आकांक्षानं ग्लास बाकावर ठेवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी मयुरीनं वर्ध्याला जाऊन फादरांनाही सगळं सांगितलं.  "माफी तिच्याकडे मागा," एवढंच ते म्हणाले.

मागायला जायची हिंमत मयुरीला झाली नाही. ईस्टरनंतरच्या बुधवारी आकांक्षाच दारात उभी राहिली. पाया पडली नाही. मोबाइलवर लिहून तिनं पुढे धरलं: "राग गेला नाई. पण विलाप तुमच्याशिवाय कोनाले येत नाई. खरी पट्टी सांगा."

मयुरीनं काळी पाचवर बोट ठेवलं.

जूनमध्ये आकांक्षाचा आवाज परत आला. खऱ्या पट्टीत पहिलीच ओळ तिनं अशी लावली की मयुरीला तिचा हेवा वाटला, पहिल्याइतकाच.  मयुरी पेटीचा भाता हलवत राहिली आणि पुढची ओळ सांगितली.